मैनासुंदरीचे सातशे

श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ठाऊक नाही अशी श्राविका आपल्या भागात शोधून सापडायची नाही. कार्तिक, फाल्गुन नि आषाढ, वर्षातून तीनदा अष्टाह्निक पर्व येतं. बस्तीत सिद्धचक्र विधान मांडलं जातं आणि आठ दिवसांत कधीतरी ही कथा होतेच. पंडित सांगतात, नाही तर महिला मंडळाच्या मुली नाटुकलं बसवतात. बेळगाव-निपाणीकडं मराठीत होतं, पलीकडं कानडीत होतं, कथा तीच. इतकी ओळखीची की आता आपण ती ऐकत नाही, नुसती पुरी होऊ देतो. म्हणून म्हटलं, एकदा तिच्याकडं वाचणारीच्या नजरेनं बघावं.

थोडक्यात कथा अशी. उज्जयिनीच्या राजाच्या दोन मुली. मोठी सुरसुंदरी, धाकटी मैना. राजा मैनेला म्हणतो, तुला हवा तो वर सांग. ती म्हणते, ज्याच्या त्याच्या कर्मात असेल तसं होईल. राजाचा अहंकार दुखावतो; माझ्या घरी सुखात राहते नि कर्माचं नाव घेते! गावाबाहेर कुष्ठरोग्यांचा तळ पडलेला असतो. सातशे जण, आणि त्यांचा पुढारी चंपापूरचा राजा श्रीपाल. रोगाची दुर्गंधी प्रजेला सोसेना म्हणून राज्य चुलत्यावर सोपवून तो बाहेर पडलेला. राजा मैना त्यालाच देऊन टाकतो. मुनींच्या सांगण्यावरून मैना आठ दिवस सिद्धचक्राची आराधना करते, गंधोदक शिंपडते. श्रीपाल बरा होतो, सातशेही बरे होतात. पुढं समुद्रप्रवास, धवल शेठचा कपट, नव्या राण्या, राज्य, वैराग्य.

आता आपण ती सांगतो कशी, ते बघा. लग्न लागलं की सांगणारा धावत सुटतो ते थेट गंधोदकापर्यंत. नाटुकल्यात तर तळाचा प्रसंग दोन मिनिटांचा. हातापायाला चिंध्या गुंडाळलेली पाच-सहा पोरं लंगडत येतात, बायका पदरात तोंड घालून हसतात, मग मैना अभिषेक करते, दिवे लुकलुकतात, चिंध्या गळून पडतात, टाळ्या. माझा आक्षेप चमत्काराला नाही. ज्याची श्रद्धा आहे त्यानं ती ठेवावी. आक्षेप आहे तो घाईला. मैनेचं मोठेपण रोग गेल्यावरच्या प्रसंगात नाहीच. रोग असताना ती त्या तळावर जाऊन राहिली, त्यांच्यात जेवली-झोपली, जखमा धुतल्या असतील, कण्हणं ऐकलं असेल. बरं होईल की नाही हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. कथेतला तोच भाग आपण गाळतो, आणि सौभाग्य मिळवून देणारं व्रत तेवढं घरी घेऊन येतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. श्रीपालाला हा रोग का झाला? कथेत उत्तर आहे. मागच्या जन्मी तो श्रीकांत नावाचा राजा होता. एका मुनींना बघून त्यानं त्यांना कोढी म्हणून हिणवलं, आणि बरोबरच्या सातशे जणांनी राजाची री ओढली. त्याचं फळ म्हणून राजाला कुष्ठ आणि सातशेंनाही कुष्ठ. आपण यातून काय उचललं? रोगी दिसला की म्हणायचं, 'पूर्वजन्मीचं काहीतरी असणार.' पण कथा नीट वाचली तर ती बोट भलतीकडंच दाखवते. पाप कुठलं? रोगाच्या नावानं माणसाला हिणवण्याचं. सातशेंचं पाप कुठलं? हसण्यात सामील होण्याचं. म्हणजे नाटुकल्यातल्या लंगडणाऱ्या पोरांना बघून पदरात तोंड घालून हसणारी बाई कथेच्या हिशेबानं मैनेच्या बाजूला बसत नाही, श्रीकांताच्या दरबारात बसते. कर्मसिद्धांताचा आधार घेऊन रोग्याला नावं ठेवणाऱ्यांनी या कथेचा आधार तरी घेऊ नये. ती त्यांच्या विरुद्ध साक्ष देते.

या शब्दानं आपल्या भाषेत आणखी एक घोटाळा करून ठेवलाय. हिंदी पोथ्यांतला 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग, आपल्याकडची रक्तपिती. मराठीत मात्र 'कोड' म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. ते ना संसर्गानं होतात, ना त्यांचा कुष्ठाशी काही संबंध. हिंदीतून कथा सांगता सांगता दोन्ही एकच होऊन बसतात आणि मानेवर पांढरा डाग असलेल्या मुलीचं लग्न अडतं. शिवाय जुन्या वैद्यकात कुष्ठाचे अठरा प्रकार. त्यात किती तरी साधे त्वचारोगही येतात. तेव्हा पोथीत कुष्ठ दिसलं की आजचाच रोग समजायचं कारण नाही. सांगणाऱ्यानं एवढं एक वाक्य जरी बोललं तरी दोन घरांतली भीती कमी होईल.

आपल्याच शास्त्रात या कथेला मोजायला एक माप आहे. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत घोकली. त्यातलं तिसरं निर्विचिकित्सा, किळस न करणं. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त याला उदाहरण म्हणून नाव येतं उद्दायन राजाचं. परीक्षा बघायला एक देव कुष्ठानं गलितगात्र झालेल्या मुनीच्या रूपात येतो, आहार घेतो आणि राजाच्या अंगावर ओकतो. बाकीचे पळतात. राजा नि राणी प्रभावती मात्र हातानं धुतात, वर स्वतःलाच दोष देतात, की आपलाच आहार बाधला असेल. कथा सुंदर आहे. पण पुढं ते मुनी नव्हतेच, रोगही खरा नव्हता असं निघतं. आणि राजानं सेवा केली ती मुनींची, पूज्य माणसाची. मैनेसमोरचे सातशे कोण होते? मुनी नव्हते, देव नव्हते. साधी माणसं, खरा रोग. त्या मापानं मैना उद्दायनाच्याही पुढं जाते, असं मला वाटतं. आपण मात्र तिला पतिव्रतेच्या चौकटीत बसवून मोकळ्या होतो.

श्वेतांबर परंपरेत हीच कथा रत्नशेखरसूरींच्या प्राकृत 'सिरिवालकहा'त आणि पुढं विनयविजय-यशोविजयांच्या गुजराती 'श्रीपाल रास'मध्ये येते. आपल्याकडच्या गुजराती, मारवाडी बायका ओळीच्या दिवसांत ती ऐकतात. तिची सुरुवात निराळी आहे. तिथं चुलता राज्य बळकावतो. राणी कमलप्रभा लहानग्या श्रीपालाला घेऊन रानात पळते. मागं शिपाई. त्या मायलेकरांना लपवतो तो कुष्ठरोग्यांचा तांडा. शिपाई रोगाच्या भीतीनं जवळ येत नाहीत. त्यांच्यात राहून पोराला रोग लागतो, आणि तेच सातशे जण त्याला आपला राणा करतात. हे वाचल्यावर मी थबकले. म्हणजे पहिलं अभयदान दिलं ते रोग्यांनी! धडधाकट राज्यानं जिला हाकललं तिला आसरा मिळाला तो गावाबाहेर टाकलेल्यांकडं. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपण मोजतो, आणि देणारे नेहमी आपणच असं धरून चालतो. ही कथा ते गृहीत उलटं करते. दिगंबर, श्वेतांबर असा वाद बाजूला ठेवून हा प्रसंग आपल्या बस्त्यांतही सांगावा, असं माझं मत आहे.

कथेला एक मर्यादाही आहे, ती लपवू नये. तिथं रोग जातो तो पूर्ण जातो. काया सोन्यासारखी होते. खऱ्या कुष्ठात तसं घडत नाही. आज औषधं आहेत. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार फुकट मिळतो, सहा महिने किंवा वर्षभराचा. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच काळात रोग पसरवण्याची शक्ती जाते. हा रोग आनुवंशिक नाही. जंतू मरतात, माणूस बरा होतो. पण उशिरा उपचार झाले असतील तर वाकडी झालेली बोटं वाकडीच राहतात. तळव्याला संवेदना नसते, म्हणून खडा टोचला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. चुलीवरचं भांडं हातानं उतरवताना कातडी भाजते, वास आल्यावर कळतं. काहींच्या पापण्या मिटत नाहीत, उघडा डोळा कोरडा पडून दृष्टी जाते. असा बरा झालेला माणूस आपल्या कथेत कुठंच नाही. तिथं एक तर रोगी आहे, नाही तर सोन्यासारखा राजा. म्हणून वाकडी बोटं दिसली की आपल्याला वाटतं, हा अजून रोगीच. भारतात अजून दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात. डाग दिसला की दवाखान्यात जायचं सोडून ते लपवतात, ते याच भीतीपायी.

आता आपल्या दानाकडं या. पर्वात नाही तर कुणाच्या पुण्यतिथीला मंडळं कुष्ठधामात जातात. फलक, रांग, चादरी, फळं, फोटो. अशा एका भेटीत तिथल्या एका म्हातारीनं आम्हा सगळ्यांना विचारलं, "आलायसा तर चहा घिऊन जावा की." एकदम शांतता पसरली. अष्टाह्निक होतं; काहींचा उपवास खराच होता, सगळ्यांचा नव्हता. शेवटी आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर काकू पुढं झाल्या, तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या नि म्हणाल्या, "आण गं, घोटभर दे." त्या दिवशी वाटलेल्या सगळ्या चादरींपेक्षा तो घोट मोठा होता. शोध-सोवळं आपलं आहे, ते पाळणाऱ्यांनी पाळावं; पण नाकारायचं तरी तोंडाकडं बघून, कारण सांगून, शेजारी बसून नाकारावं. आणि द्यायचंच तर विचारून द्यावं. बधिर पायांना मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला लागतात, न मिटणाऱ्या डोळ्यांना गॉगल लागतो, नातवाला शाळेची फी लागते. चादरी खूप झाल्यात.

बायकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कथेत आजारी ते सगळे पुरुष, सेवा करणारी ती बाई. उलटं झालं असतं तर? मैनेला रोग झाला असता आणि श्रीपालानं विधान मांडलं असतं, तर त्याची कथा झाली असती का? तसं कुठलं व्रत मला तरी भेटलेलं नाही. आपल्याला लागू असलेल्या 1955च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते 2019 साली काढलं गेलं. म्हणजे बस्तीत आपण मैनेची आरती म्हणत होतो आणि बाहेर कायदा रोगी जोडीदाराला सोडायची वाट उघडी ठेवून होता. कुणाला ते खटकल्याचं मला आठवत नाही. वसाहतींमधून नवऱ्यानं टाकलेल्या बायका राहतात. त्यांना कथेत जागा नाही, निदान आपल्या बोलण्यात तरी असावी.

सातशेंना पार्श्वभूमीतून उचलून मधोमध आणलं तर काय होतं, हे बघायला पुराणात जायला नको. वरोऱ्याजवळ बाबा नि साधनाताई आमट्यांनी 1951 साली सहा रुग्णांना घेऊन आनंदवन सुरू केलं. दान माणसाला मोडतं, काम उभं करतं, हे बाबांचं सूत्र. सुरुवातीला तिथली भाजी गावात कुणी घेईना. पुढं त्याच हातांनी गावातल्या धडधाकट पोरांसाठी कॉलेजची इमारत बांधली. कमलप्रभेला लपवणारे सातशे मला तिथं दिसतात. आणि साधनाताईंचं 'समिधा' वाचताना कथेनं न सांगितलेला मधला काळ कळतो, तळावर बिऱ्हाड केलेल्या बाईचा दिवस कसा असतो तो.

कथा टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती आपल्याजवळ आहे हे आपलं भाग्य. इतक्या जुन्या काळी राजकन्येला कुष्ठरोग्यांच्या तळावर राहायला पाठवणारी आणि हिणवणाऱ्यालाच दोषी ठरवणारी कथा सहज मिळत नाही. फक्त ती पुरी सांगावी. पुढच्या अष्टाह्निकाला नाटुकलं बसवाल तेव्हा चिंध्यांची पोरं लंगडवू नका. त्यातल्या दोघांना तरी बोलायला वाक्यं द्या. श्रीकांताचा प्रसंग गाळू नका. शेवटी गंधोदकाआधी कुणीतरी उभं राहून सांगू दे, की अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवायचा नाही, दवाखान्यात दाखवायचा, गोळ्या फुकट असतात. पाच मिनिटं लागतील. आपल्या प्रेक्षकांतही एखादी बाई पदराखाली तसा चट्टा झाकून बसलेली असेल. अभयदान द्यायचं ते तिला.