तेलाचे तळे आणि पेट्रोलियम अभियंता

खनिज तेलावरच्या धड्यात एक आकृती हमखास असते. घुमटाकार खडकाच्या पोटात वर वायू, मध्ये तेल, खाली पाणी आणि वरून आत उतरलेली विहीर. हा क्रम बरोबर आहे. ज्याची घनता कमी, तो वर. घुमटावर तेल अडवणाऱ्या खडकाचे झाकण असते, हेही बरोबर. तरीही ही आकृती आम्हाला सदोष वाटते. तेलाच्या जागी नुसता काळा रंग भरलेला असतो, खडक दिसतच नाही. मग जमिनीखाली तेलाचे तळे आहे, असे मुले धरून चालतात. ‘तेलाचे साठे’ हा आपला शब्दही त्या समजुतीला हातभारच लावतो.

वस्तुतः तिथे तळे नसून खडक असतो. मुंबईच्या वायव्येस सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडले, ते मुख्यतः चुनखडकाच्या बारीक छिद्रांत. खडकात पोकळी किती, ही त्याची सच्छिद्रता. छिद्रे एकमेकांना कशी जोडलेली आहेत, यावर पार्यता ठरते. पहिलीवरून खडकात तेल किती मावेल हे कळते, दुसरीवरून ते किती सहज वाहील हे.

सुरुवातीला खडकातला दाबच तेलाला विहिरीकडे ढकलतो. तेल निघते तसा दाब घटतो. म्हणूनच १९७६ साली उत्पादन सुरू झालेल्या मुंबई हायमध्ये १९८४ पासून खडकात पाणी दाबून सोडावे लागले. इतके करूनही जगातल्या बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहते. ते का राहते आणि त्यातले आणखी थोडे कसे काढता येईल, हा पेट्रोलियम अभियंत्याचा रोजचा प्रश्न. तळ्याच्या चित्रात तो उद्भवतच नाही. तिथे पंप लावला की काम संपले!

बारावीच्या मुलांना मिळणाऱ्या करिअर-पुस्तिकांत दोष वेगळा. धनबादला १९५७ पासून हा अभ्यासक्रम आहे, प्रवेशपरीक्षा कोणती, पगार किती, परदेशी संधी किती, हे सारे त्यांत सापडते. भूशास्त्र, द्रवांचे वहन आणि गणित यांची आवड लागते, हे मात्र क्वचितच. नोकऱ्या तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतात, हेही सांगत नाहीत. २०१४ च्या मध्यास पिंपाला शंभर डॉलरहून जास्त असलेला भाव २०१६ च्या आरंभी तीसच्या खाली आला, तेव्हा जगभर हजारोंची नोकरी गेली.

तेलाचा वापर पुढे घटला, तर ही विद्या वाया जाईल का? आम्हाला तसे वाटत नाही. नॉर्वेने १९९६ पासून उत्तर समुद्राखालच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड साठवायला सुरुवात केली. त्यालाही हेच छिद्रांचे आणि दाबाचे ज्ञान लागले. मुलांनी या शाखेकडे जावे की नाही, हे त्यांनी ठरवावे. पण चुकीच्या चित्रावरून ठरवू नये.

त्यासाठी वर्गात एक साधा प्रयोग पुरे. पेलाभर कोरड्या वाळूत मोजून खाद्यतेल ओता आणि सुई काढलेल्या सिरिंजने ते परत ओढून मोजा. सगळे परत येत नाही. मग वाळूत पाणी सोडा. अडकलेल्यांपैकी थोडे तेल वर येईल, थोडे तरीही राहील. त्यानंतर फळ्यावर आकृती काढताना आधी खडकाचे कण काढावेत, आणि तेल त्यांच्या मधल्या जागेत दाखवावे.