सूर्य बुडाल्यानंतरची वीस मिनिटं

दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावरच्या एका नोव्हेंबरातल्या संध्याकाळचे सतरा फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. सगळ्यांत सूर्य मधोमध. तो बुडाला तसे आम्ही वाळू झटकून चहाच्या टपरीकडे निघालो. आजोबा मात्र बसून राहिले. “थांब रे, खरं आभाळ आत्ता सुरू होईल,” म्हणाले. मी थांबलो नाही. त्यानंतर त्यांच्यासोबत समुद्रावर जाणं झालंच नाही.

त्यांचं बरोबर होतं. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी उंचावरच्या ढगांना त्याचा उजेड मिळत असतो. हवेतल्या लांबच्या प्रवासात त्यातला निळा रंग विखुरतो, तांबडा-नारिंगी उरतो. पृथ्वीची सावली खालून वर चढत जाते. म्हणून खालचे कापसासारखे ढग आधी राखाडी होतात. सहा-सात किलोमीटरांवरचे, बर्फाच्या कणांचे पिसांसारखे ढग सगळ्यांत शेवटी विझतात. कातरवेळच्या ढगांची खरी गंमत या क्रमात आहे. गाण्याचा एकच सूर ऐकून उठावं, तसं आपण एका रंगावर उठून जातो.

सूर्यास्ताच्या फोटोवर माझा आक्षेप हाच आहे. फोन अनेक फ्रेम जोडून एक चित्र बनवतो, अंधारातली होडी उजळतो, ऑटो व्हाइट बॅलन्स कधीकधी तो नारिंगी उजेडच फिका करून टाकतो. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो, हे दोष सेटिंगमध्ये जाऊन थोडेफार सुधारता येतात. ढगांना सूर्यामागचा पडदा समजायची आपली सवय मात्र कुठल्याच सेटिंगमध्ये सापडत नाही.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांची कितीतरी चित्रं केली. काहींत तर आभाळाशिवाय दुसरं काहीच नाही. अनेक चित्रांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आपल्या फोटोंच्या फाइलमध्येही तारीख-वेळ असते, पण ती फोनने टाकलेली. कॉन्स्टेबलला ती लिहावीशी वाटली, कारण थोड्या वेळाने तेच आभाळ उरणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

माझ्या सतराव्या फोटोवर वेळ आहे सहा वाजून चार मिनिटं. पुढची वीस मिनिटं आजोबांनी एकट्याने पाहिली. चहा पिताना त्यांना विचारायला हवं होतं, काय काय दिसलं म्हणून.