तार्तूचा गानमेळावा : पुरुषांचा कंठ आणि स्त्रीचे शब्द

सामुदायिक गायनाच्या एखाद्या मोठ्या मेळाव्याचा विचार करताना संगीतसमीक्षक स्वरांकडे पाहतो आणि इतिहासकार समुदायाकडे. भाषेच्या अभ्यासकाने तिसराच प्रश्न विचारावयास हवा. तेथे उच्चारला गेलेला शब्द कोणाचा होता, कोणत्या बोलीतला होता आणि तो कोणाच्या कंठातून बाहेर पडला, हा तो प्रश्न होय. एस्टोनियातील तार्तू या विद्यापीठनगरीत १८६९ च्या जून महिन्यात पुरुषवृंदांचा व त्यांच्या संचालकांचा जो मेळावा भरला, त्याला हा प्रश्न लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा मेळावा एस्टोनियन राष्ट्रभावनेचा पहिला सार्वजनिक उद्गार म्हणून गौरविला जातो. तो गौरव अनाठायी नाही. परंतु तो अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम घटना पाहू. लिव्होनिया प्रांतात १८१९ साली भूदासपद्धती रद्द झाली, तिच्या पन्नासाव्या वर्षाचे निमित्त साधून वृत्तपत्रकार योहान व्होल्देमार यान्सेन यांनी हा मेळावा घडवून आणला. त्यांनी १८६५ साली तार्तू येथे ‘वानेमुइने’ हे गायनमंडळ स्थापन केले होते, आणि त्याही आधी १८५७ मध्ये आपल्या पत्रातून वाचकांना ‘भूमिजन’ या रूढ नावाऐवजी ‘एस्टोनियन जन’ असे संबोधिले होते. मेळाव्यात ८०० हून अधिक गायक-वादक सहभागी झाले. त्यांत पुरुषवृंद आणि पितळी वाद्यांची पथके एवढेच होते. स्त्रियांचा एकही वृंद नव्हता. कार्यक्रमातील बहुतेक रचना जर्मन परंपरेतल्या होत्या. एस्टोनियन संगीतकाराने रचलेली गीते अवघी दोन, आणि ती दोन्ही अलेक्सांदर कुनिलेइद या तेवीस वर्षांच्या तरुण शिक्षकाची. यांखेरीज यान्सेन यांनी पात्सिउस यांच्या चालीवर बसविलेले जे गीत तेथे गायिले गेले, तेच पुढे देशाचे राष्ट्रगीत झाले. ती चाल मात्र फिनलंडमध्ये १८४८ साली गायिली गेलेली होती.

याचा अर्थ, मेळाव्याचा साचा उसना होता. बर्लिनमध्ये त्सेल्टर यांनी १८०९ साली स्थापिलेले पुरुषांचे गायनमंडळ आणि त्याच सुमारास झ्युरिकमध्ये नेगेली यांनी उभारलेला पुरुषवृंद, हे या साच्याचे दोन उगम होत. तेथून तो बाल्टिक किनाऱ्यावरील जर्मन नागरिकांकडे आला आणि त्यांच्याकडून एस्टोनियन शेतकऱ्यांच्या मुलांकडे. त्याचे स्वरूप मराठी वाचकास सांगावयाचे तर असे : आपल्या भजनी मंडळात सारे जण एकच चाल म्हणतात, पुरुषवृंदात मात्र आवाजांचे चार थर असतात. वर दोन टेनर, खाली दोन बास. चौघांचे स्वर निराळे, पण शब्दाचा अवयव बहुधा सर्वांच्या मुखी एकाच क्षणी येतो. स्वरांची ही दाटी खालच्या पट्टीत असल्यामुळे उच्चार थोडा जरी पुढेमागे झाला तरी सारा शब्द गढूळ होतो. म्हणून अशा वृंदात संचालक हा केवळ ताल दाखविणारा इसम राहत नाही. स्वर किती उघडा ठेवावयाचा आणि व्यंजन केव्हा मिटवावयाचे, हे तोच ठरवितो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर तो उच्चाराचा शास्ता असतो.

तार्तूच्या मेळाव्याचे खरे भाषिक कार्य येथे दिसू लागते. त्या काळी एस्टोनियन भाषेच्या दोन लेखनपरंपरा होत्या. एक उत्तरेची, ताल्लिनभोवतीची, आणि दुसरी दक्षिणेची, खुद्द तार्तूची. दोहोंमध्ये शब्दरूपांचा व उच्चारांचा लक्षणीय भेद होता. मेळावा भरला तार्तूत. पण नवी गीते होती उत्तरेच्या भाषेत. दक्षिणेकडील गावांतले गायक महिनोन् महिने ती गीते घोटून आले, आणि हजारो श्रोत्यांसमोर त्यांनी उत्तरेची रूपे एका स्वरात उच्चारिली. त्यांना ही तालीम देणारे संचालक बव्हंशी गावोगावचे शाळामास्तर होते. त्या काळच्या मास्तरांच्या घडणीत यानिस त्सिम्झे यांच्या वाल्गा येथील अध्यापकविद्यालयाचा वाटा मोठा होता आणि तेथे चौपदरी गायन हा शिक्षणाचाच भाग होता. कुनिलेइद हेही तेथलेच. एखाद्या व्याकरणग्रंथाने जे साधले नसते ते या मास्तरांनी साधले. प्रमाणभाषा हुकुमाने रुजत नाही. ती जिभेवर बसावी लागते. पुरुषवृंदाने ती शेकडो जिभांवर एकाच वेळी बसविली. उसन्या साच्याचे हे ऋण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु जमेच्या बाजूइतकीच खर्चाची बाजूही तपासणे समीक्षकाचे कर्तव्य आहे. कुनिलेइद यांच्या त्या दोन्ही गीतांचे शब्द लिडिया कोइदुला यांचे होते. कोइदुला म्हणजे यान्सेन यांची कन्या, त्यांच्या वृत्तपत्राच्या कामात हातभार लावणारी, आणि वयाच्या पंचविशीतच भाषेची प्रमुख कवयित्री ठरलेली. मेळाव्यातील सर्वांत अस्सल एस्टोनियन अशी जी दोन गीते, त्यांचा शब्द स्त्रीचा होता. आणि तो उच्चारण्याचा अधिकार मात्र एकाही स्त्रीकंठाला नव्हता. काळच तसा होता, असे यावर कोणी म्हणेल. हा बचाव पुरता टिकत नाही. अवघ्या चार वर्षांनी, १८७३ साली, शेजारच्या रिगा येथे लाटव्हियन लोकांचा पहिला गीतमहोत्सव झाला, त्यात स्त्रीपुरुषांचे मिश्र वृंद गायिले. एस्टोनियन महोत्सवात मिश्र वृंदांना प्रवेश मिळण्यास १८९१ साल उजाडावे लागले. तेव्हा हा दोष केवळ काळाचा नव्हता. जर्मन मंडळांकडून जसाच्या तसा उचललेल्या साच्याचाही होता.

हा खर्च एका कवयित्रीपुरता मर्यादित असता तर त्याची चर्चा चरित्रग्रंथात करणे पुरेसे झाले असते. तो त्याहून खोल आहे. एस्टोनियन भाषेचे स्वतःचे प्राचीन गान म्हणजे ‘रेगिलाउल’. ते एकपदरी असते. पुढची गायिका एक ओळ म्हणते, ओळीच्या शेवटच्या अवयवांवर इतर जणी तिच्यात मिसळतात आणि तीच ओळ पुन्हा म्हणतात. ही परंपरा मुख्यतः स्त्रियांनी जतन केली. तिच्या ओळीत आठ स्थाने असतात, अनुप्रास दाट असतो, आणि या कुळातील जुन्या छंदात शब्दाच्या आद्य अवयवाची लांबी ओळीतील स्थानाशी जुळविण्याचा संकेत असतो. हा संकेत महत्त्वाचा का, हे भाषेच्या रचनेवरून कळते. मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन मात्रा आपण मानतो. एस्टोनियन भाषेत लांबीच्या तीन पायऱ्या आहेत. आखूड स्वराचा ‘सदा’ म्हणजे शंभर. दीर्घ स्वराचा ‘सादा’ म्हणजे ‘पाठव’. आणि तोच स्वर अतिदीर्घ केला की अर्थ होतो ‘मिळविणे’. शेवटची दोन रूपे लेखनात सारखीच दिसतात. भेद केवळ कानाला कळतो. ज्या भाषेत अर्थ असा लांबीवर तोललेला असतो, त्या भाषेला जर्मन कडव्यांची ठराविक चाल घालणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. कडवे बदलते, शब्द बदलतात, चाल मात्र तीच राहते. मग लांबी शब्दाने ठरत नाही, स्वरलिपीतील चिन्हाने ठरते. स्त्रियांनी सांभाळलेल्या गानाला मेळाव्यात स्थान नव्हते, याची भाषिक किंमत ही अशी होती.

ही उणीव समकालीनांना अगदीच जाणवली नाही असे नव्हे. कार्ल रॉबर्ट याकोबसन यांना कार्यक्रमाचे जर्मन वळण पसंत नव्हते. त्याच मेळाव्यात भाषण करणाऱ्या याकोब हुर्त यांनी पुढे १८८८ साली लोकांना आवाहन करून जुन्या गीतांचा व कथांचा जो संग्रह उभारला, तो एक लाखाहून अधिक पानांचा झाला. परंतु संग्रह म्हणजे गान नव्हे. कागदावर उतरलेली गीते पुन्हा वृंदाच्या मुखी येण्यास आणखी काळ जावा लागला.

मधल्या काळात कोइदुलांच्या शब्दांचे काय झाले, हेही बोधप्रद आहे. १८६९ साली गायिलेल्या त्यांच्या एका गीताला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये नवी चाल दिली. याच वर्षी त्यांनी पुढे विख्यात झालेला व्यावसायिक पुरुषवृंद स्थापिला. सोव्हिएत राजवटीत ते गीत काही काळ कार्यक्रमांतून गळले. १९६० च्या महोत्सवात ते जनसमुदायाने आपण होऊन गायिले. कुनिलेइद यांची चाल मागे पडली, राज्य बदलले, शब्द तेवढे उरले. ज्या स्त्रीला मेळाव्यात कंठ मिळाला नाही, तिचाच शब्द मेळाव्याचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला.

संगीताच्या अंगाने या प्रश्नाचे उत्तर वेल्यो तोर्मिस (१९३०–२०१७) यांनी दिले, असे आम्ही मानतो. १९६६–६७ मधील त्यांच्या ‘एस्टोनियन पंचांगगीते’ या रचनामालेत रेगिलाउलच वृंदाच्या मुखी येते. त्यातील आवाजांची वाटणी पाहण्यासारखी आहे. १० नोव्हेंबरच्या मार्टिनच्या सणाची गीते पुरुषवृंदाला दिली आहेत, आणि २५ नोव्हेंबरच्या कात्रीच्या सणाची गीते स्त्रीवृंदाला. कारण लोकरूढीत पहिला सण पुरुषी सोंगांचा आणि दुसरा बायकी सोंगांचा मानला जातो. म्हणजे येथेही पुरुषवृंद आहेच. पण तो आता गायनमंडळाच्या दारावरील प्रवेशनियमातून आलेला नाही, गीताच्या आशयातून आलेला आहे. १८६९ च्या पुरुषवृंदापाशी ‘आपण येथे केवळ पुरुषच का?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. तोर्मिस यांच्या पुरुषवृंदापाशी ते आहे.

अलीकडे, विशेषतः इंग्रजीभाषक देशांत, अशा वृंदांना ‘पुरुषवृंद’ न म्हणता ‘टेनर-बास वृंद’ म्हणण्याचा प्रघात वाढत आहे. व्यक्तीच्या लिंगावरून नव्हे तर आवाजाच्या पट्टीवरून नाव द्यावे, हा त्यामागील विचार स्वागतार्ह आहे. तथापि नाव बदलल्याने प्रश्न सुटतो असे मानणे भाषाभ्यासकास परवडणारे नाही. एस्टोनियन भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना तेथे एकच सर्वनाम आहे. तरीही त्या भाषेच्या पहिल्या गानमेळाव्यातून स्त्रीकंठ वगळला गेला. व्याकरणाची उदारता व्यवहारात आपोआप उतरत नाही, एवढा धडा यातून घेण्यासारखा आहे. कोणत्याही गानपरंपरेचा अभ्यास करताना रचनाकाराच्या नावापाशी न थांबता, शब्द कोणाचा, लांबी कोणाची आणि कंठ कोणाचा, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. तार्तूच्या मेळाव्यात या तिहींची उत्तरे तीन निराळ्या दिशांना गेली होती. त्याचे थोरपण मान्य करूनही, ही फारकत नोंदविल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.