चाळिशीत आलेला गवई

कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीमैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना खेटून आहेत. दोन्ही राजर्षी शाहूंनी उभारलेली, आणि दोन्ही तरुणांची. पैलवानाची उमेद तिशीच्या आसपास ओसरते. मग तो वस्ताद होतो आणि मातीत उतरतो तो दुसऱ्यांना घडवायला. नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे ते केशवराव 1890 साली जन्मले, अठरा पुरी व्हायच्या आत त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली, 8 जुलै 1921ला बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ गाजवलं आणि तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला गेले. वय 31. तेवढ्या आयुष्यात कारकीर्द पुरी झाली, तीही नाव शंभर वर्षं टिकेल अशी. रंगभूमीवरचं गाणं चढ्या पट्टीचं, खणखणीत आवाजाचं, तडफेचं. त्याला तारुण्यच लागतं.

ख्यालाचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कोल्हापूरइतका दुसऱ्या कुठल्या गावाला ठाऊक असायला नको. 1895 साली शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं. महाराज तेव्हा 21 वर्षांचे, गादीवर बसून जेमतेम वर्ष झालेलं. खाँसाहेब 1855चे, म्हणजे 40 वर्षांचे. त्यातही आवाज एकदा फुटून गेलेला. माळव्यात आमलेट्याला ठाकुरांच्या दरबारी अतोनात गाणं झालं आणि गळा बसला, तो पहिल्यासारखा परत आलाच नाही. आला तो जाड, जड, पूर्वीच्या फिरतीला न जुमानणारा. आजच्या एखाद्या निवड समितीसमोर असा उमेदवार उभा राहिला असता तर ‘आवाजात दोष’ असा शेरा मारून त्याची बोळवण झाली असती. कोल्हापूरने त्याला 27 वर्षं सांभाळलं. 6 मे 1922ला महाराज गेले आणि नंतर खाँसाहेब मुंबईला निघून गेले, तेव्हा ते सदुसष्टीला टेकले होते. चाळीस ते सदुसष्ट: माणसाच्या आयुष्याचा अख्खा मधला पट्टा या गावात गेला. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो तिचं पक्कं रूप घडलं ते याच पट्ट्यात. नावात जयपूर आहे, अत्रौली आहे. कोल्हापूर नाही, याचं इथल्या जुन्या रसिकांना थोडं वाईट वाटतं. मला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही.

फुटलेल्या आवाजाने काय केलं, हे गायकीतच दिसतं. जो गळा वाटेल तसा पळत नाही त्याला लयीतून वाट काढावी लागते. म्हणून इथे सरळ धावत सुटणारी तान कमी. तान वळते, मागे येते, एका स्वराला दुसऱ्या बाजूने स्पर्श करते, श्वास कुठे घेतला ते कळू देत नाही आणि समेवर अशी उतरते की ऐकणाऱ्याला वाटावं, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. पंचविशीतल्या निरोगी गळ्याला असल्या वाटा शोधाव्याशा वाटल्या असत्या का? मला शंका आहे. मात्र दुखणं हे वरदान ठरलं, असा गोड निष्कर्ष मी काढणार नाही. आवाज गेलेले शेकडो गवई त्या काळात होऊन गेले असतील. त्यांची नावंही उरलेली नाहीत. खाँसाहेबांचा फरक एवढाच की आवाज गेल्यावर त्यांना पुढे सत्तावीस वर्षं पोटाची चिंता पडली नाही.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘गाणं वयाबरोबर पिकतं’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो, जणू ते झाडावर आपोआप पिकतं. प्रत्यक्षात जो टिकला त्याचंच पिकतं, आणि टिकण्यासाठी कुणीतरी खर्च केलेला असतो.

जयपूरच्या गायकीत वय का लागतं, हे एका रागावरून पाहता येतं. बसंती केदार घ्या. बसंतात रिषभ-धैवत कोमल, केदारात दोन्ही शुद्ध. म्हणजे एकाच रागात दोन घरं, आणि दोघांचे रिषभ-धैवत एकमेकांचे वैरी. दोन्ही मध्यम मात्र दोघांतही आहेत. तोच सामाईक उंबरठा. शिकाऊ गायक त्यावर अडखळतो: चार आवर्तनं बसंत गातो, मग आठवण झाल्यासारखा केदाराचा एक तुकडा जोडतो. राग कळल्यासारखा वाटतो, पण शिवण दिसते. मुरलेला गायक एकाच वाक्यात मध्यमावरून पलीकडे जातो आणि परत येतो, आणि त्याच दमात तीनतालाच्या सोळा मात्रांत बंदिशीचा मुखडा वेळेवर पकडतो. यासाठी बसंत वेगळा दहा वर्षं गळ्यात असावा लागतो, केदार वेगळा, लय हाडात असावी लागते, आणि तिघांचा विचार करणं थांबलेलं असावं लागतं. हे सगळं जमून यायला माणूस चाळिशी गाठतोच. या घराण्यात नट कामोद, ललिता गौरी, खोकर असल्या जोड आणि अनवट रागांची रेलचेल आहे, त्यामुळे इथे लवकर मोठं होण्याची सोयच कमी.

शिष्यांची वयं पाहिली तरी हेच दिसतं. केसरबाई केरकर गोव्याच्या केरीहून लहानपणी कोल्हापुरात आल्या, इथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, पुढे वझेबुवांसह बऱ्याच जणांकडे. पण अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तो 1921 साली, तिशीच्या उंबरठ्यावर. त्यांच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिका त्याच्याही बऱ्याच नंतरच्या, त्या चाळिशीत गेल्यावरच्या. मोगूबाई कुर्डीकरांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला 1934 साली, वयाच्या तिशीत. त्याआधी त्याच घराण्यातल्या हैदर खाँसाहेबांकडे, आग्र्याच्या विलायत हुसेन खाँसाहेबांकडे तालीम झालेली. भास्करबुवा बखले तर बडोद्याच्या फैज महंमद खाँ आणि आग्र्याच्या नत्थन खाँ यांची विद्या पचवून मग अल्लादिया खाँसाहेबांपुढे बसले. आणि कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी: अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँसाहेब यांची तालीम, नंतर लक्ष्मीबाई जाधवांची, आणि तरीही 1962 साली, 35व्या वर्षी, त्या केसरबाईंसमोर पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसल्या. केसरबाई म्हणजे काय प्रकरण होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना या बसण्याची किंमत कळेल. पस्तिशीत आपलं तयार गाणं बाजूला ठेवून सुरुवातीपासून स्वर लावायला तयार होणं, हे आज मला कोणत्याही सांगीतिक कौशल्यापेक्षा दुर्मीळ वाटतं.

मल्लिकार्जुन मन्सूर हे या गोष्टीचं सगळ्यात ठळक उदाहरण. धारवाडजवळच्या मन्सूरचे, 1910चा जन्म. मिरजेला नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची पक्की तालीम, विशीतच एचएमव्हीच्या तबकड्या, नाव, मागणी. पंचविशीच्या सुमाराला मुंबईत मंजी खाँसाहेबांकडे जाऊन त्यांनी दिशाच बदलली. 1937 साली मंजी खाँ वारले. मग त्यांचे धाकटे भाऊ भुर्जी खाँ, जे कोल्हापुरातच राहिले, त्यांच्याकडे विद्या पुढे चालू. पद्मश्री मिळाली 1970 साली, साठीच्या तोंडावर. पद्मभूषण 1976, पद्मविभूषण 1992. आज आपण जे मन्सूर ऐकतो ते बहुतेक पन्नाशीनंतरचे. त्या गाण्यात प्रस्तावना नाही. तंबोरे लागले की दोन स्वर, आणि लगेच बंदिश. आवाजावर चरबी नाही, नक्षीची हौस नाही. बोलआलाप कधी संपला आणि तान कधी सुरू झाली याची सीमारेषा शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. विशीतल्या तबकड्यांमध्ये गळ्याची तयारी आहे, तेज आहे. पण तिथे गायक आपल्याला काय येतं ते दाखवतो आहे. पुढे दाखवण्याची गरजच गळून पडलेली. मधली तीस वर्षं कुठे गेली याचं चरित्रात फारसं नाट्य सापडत नाही. रियाज, पूजा, आकाशवाणीचं काम, मैफिली. नाट्य नाही हेच बहुधा त्याचं उत्तर.

उलट उदाहरणं आहेत, आणि ती टाळून चालणार नाही. द. वि. पलुस्कर 1955 साली गेले तेव्हा 34 वर्षांचे होते, आणि त्यांचं गाणं कुठल्याही अर्थाने कच्चं नव्हतं. कोल्हापुरातच जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी ‘गीतरामायणा’च्या चाली बांधल्या त्या 1955-56 साली, पस्तिशी-छत्तिशीत; तिथून पुढे ते आयुष्यभर ती गाणी गात राहिले, पण तो पल्ला पुन्हा गाठला गेला असं मला वाटत नाही. भावगीताचं शिखर बहुधा ख्यालापेक्षा अलीकडे येतं. त्यात शब्द, चाल आणि गळा यांची एकदा गाठ पडली की काम झालं. ख्यालात ती गाठ रोज नव्याने मारावी लागते. कुमार गंधर्वांचं प्रकरण तर दोन्ही बाजूंना पुरावा देतं: बालपणीच चमत्कार, मग क्षय, देवासची बंद खोली, आणि वेगळ्याच आवाजानिशी परतणं. ‘अनूपरागविलास’ निघालं 1965 साली, त्यांच्या एक्केचाळिशीत. बालवयातले कुमार अद्भुत होते. पण आपल्याला विचार करायला लावणारे कुमार हे दुसरे.

दूरचं एक नाव इथे आठवतं. लेओश यानाचेक हा चेक संगीतकार 1854चा, म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांहून एका वर्षाने मोठा. त्याचा ‘येनुफा’ हा ऑपेरा ब्रनो या त्याच्या गावात 1904 साली झाला. प्राग या राजधानीने तो ऐकला 1916 साली, तेव्हा यानाचेक 61 वर्षांचा होता. त्यानंतर त्याने एकामागून एक मोठ्या रचना केल्या. मधल्या काळात तो ब्रनोत शिकवत होता. राजधानीचं लक्ष नसलेलं, पण आपल्या माणसाला धरून ठेवणारं मध्यम आकाराचं शहर कलेच्या इतिहासात किती वेळा कामी आलं आहे, याचा कुणीतरी एकदा नीट शोध घ्यायला हवा.

आता आजचं कोल्हापूर. 1883 पासूनचा देवल क्लब आहे, विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, क्लासेस भरपूर आहेत, मुलं हौसेने गातात. टीव्हीवर ‘लिटल चॅम्प्स’ आल्यापासून आठ-दहा वर्षांच्या गळ्याला घरोघर किंमत आली, यातही वाईट काही नाही. केंद्र सरकारची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटासाठी आहे, बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार चाळिशीपर्यंतच्यांसाठी. पलीकडच्या टोकाला सत्तरी ओलांडली की जीवनगौरव, शाल-श्रीफळ, मानपत्र. मध्ये कोण? चाळीस वर्षांवरच्यांसाठी सिनिअर फेलोशिप आहे, हे मान्य. पण ती दोन वर्षांची, आणि तिचा अर्ज भरायला संशोधनाचा प्रस्ताव लिहिता यावा लागतो. अनवट रागावर दोन वर्षं नुसता रियाज करायचा आहे, हा प्रस्ताव कागदावर कसा दिसेल?

त्यामुळे पंचेचाळिशीचा गायक सकाळी शाळेत, संध्याकाळी शिकवण्यांना, शनिवारी-रविवारी सुगम संगीताच्या कार्यक्रमाला हार्मोनियम घेऊन. ज्या वयात रागांची घरं एकमेकांत उघडायला लागतात, नेमका त्याच वयात त्याचा रियाज मुलांच्या परीक्षांच्या अभ्यासक्रमात विरघळून जातो. बायकांचं तर त्याहून बिकट. गळा तयार होतो आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं, मुलांची दहावी-बारावी हेही सगळं त्याच वर्षांत येऊन पडतं. मोगूबाईंनी 1939 साली वैधव्य आल्यावर तीन मुलांचं पाहत गाणं टिकवलं. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि तिथेच थांबतो. सगळ्यांनी तेवढंच सोसावं, अशी त्यामागची अपेक्षा असेल तर ते कौतुक क्रूर आहे.

महोत्सवांनीही अडचण वाढवली आहे. चाळीस-पन्नास मिनिटांत विलंबित, द्रुत, एखादं नाट्यगीत आणि वेळ उरला तर भैरवी. या मापात बसतं ते गाणं गळ्याच्या तयारीचं, आणि तयारीत पंचविशी नेहमीच जिंकणार. मुरलेलं गाणं सुरू व्हायलाच अर्धा तास घेतं. म्हणजे मधल्या वयाच्या गायकाची बाजू पडते ती त्याच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, मोजपट्टी दुसऱ्याची आहे म्हणून. तरी काही जण वाट काढतात. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी स्वतः रचलेल्या बंदिशींचं ‘रागरचनांजली’ 2004 साली काढलं, त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या वयात. आणि माझ्या कानाला त्यांचं त्यानंतरचं गाणं आधीच्यापेक्षा मोकळं वाटतं. कोल्हापूरच्या श्रुती सडोलीकरांनी वडील वामनरावांकडून घरातच मिळालेली विद्या ज्या शांतपणे मांडली, तीही मधल्या वयाची कमाई आहे. पण दोन-चार नावांवरून कलेची प्रकृती ठणठणीत आहे असं म्हणता येत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सगळं शहर हळहळलं, आणि ते साहजिकच होतं. इमारतीसाठी पैसे उभे करता येतात, कारण इमारत दिसते. पण कोल्हापूरने एवढ्यावर थांबू नये. देवल क्लब, महापालिका, एखादा साखर कारखाना, कुणीही पुढे यावं आणि पंचेचाळिशी उलटलेल्या एका गायकाला किंवा गायिकेला दोन वर्षं घर चालेल एवढा पगार द्यावा. शिकवण्या बंद, स्पर्धांचं परीक्षण बंद, सत्कारांची निमंत्रणं बंद. अट एकच: दर तीन महिन्यांनी एक बैठक, लहान खोलीत, माइकशिवाय, एकच राग सलग दीड तास, सकाळचा राग असेल तर सकाळी. ऐकायला पन्नास जण आले तरी पुरे. चूक झाली तर त्यांच्यासमोर व्हावी, आणि पुढच्या बैठकीला तोच राग पुन्हा ठेवावा.