रॅप, स्पिरिच्युअल आणि सुवार्ता : गाणारा कोणाशी बोलतो?

आजचा विषय थोडा वादाचा आहे. चर्चमधल्या तरुण मंडळींचं म्हणणं असं, की जुनी भक्तिगीतं कॉलेजातली मुलं ऐकत नाहीत, तेव्हा त्यांना रॅपची जोड द्यावी आणि सुवार्ता पोचवावी. वडीलधारे म्हणतात, हा पवित्र गीतांचा बाजार झाला. मला वाटतं, दोन्ही पक्ष फक्त चालीबद्दल भांडताहेत. खरा प्रश्न वेगळा आहे : गाणारा कोणाशी बोलतोय?

परंपरेचा मुद्दा आधी निकालात काढू. परक्या धर्मकथेनं इथल्या छंदाचे कपडे घालणं ही काही आजची फॅशन नव्हे. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीत. त्यामुळे ‘असं कधी झालं नव्हतं’ हा आक्षेप टिकत नाही.

आता स्पिरिच्युअल म्हणजे काय ते बघा. अमेरिकेतल्या गुलाम काळ्या माणसांची ही गाणी. कुणाला ख्रिस्ती करायला ती रचलेली नव्हती. ज्यांच्या हातात चाबूक होता ते मालकसुद्धा ख्रिस्तीच म्हणवत होते! गाणारा देवाला हाक मारत होता आणि शेजारी राबणाऱ्याला धीर देत होता. १८७१ मध्ये फिस्क ज्युबिली सिंगर्स निधी जमवायला दौऱ्यावर निघाले, तेव्हा ती मोठ्या प्रमाणावर सभागृहांत पोचली. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्यांना दुःखाची गाणी म्हटलं.

या गाण्यांना रॅप जोडण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००४ चं, कान्ये वेस्ट यांचं ‘जीझस वॉक्स’. त्यामागे हार्लेममधल्या एका समूहगान-मंडळाचे स्वर आहेत. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांचं ते मंडळ, आणि गाणं पारंपरिक : येशूनं माझ्याबरोबर चालावं, अशी विनवणी. त्यावर रॅपर बोलतो ते स्वतःच्या पापाबद्दल, भीतीबद्दल. गंमत म्हणजे तो साफ सांगतो, की नास्तिकांना आस्तिक करायला मी आलेलो नाही. मला वाटतं, गाणं जमलंय ते म्हणूनच. मागचा समूह आणि पुढचा माणूस, दोघांची गरज एकच आहे. आवाज दोन, पण हाक एक. पुढे त्या गायकाचं काय झालं, तो कसा वागला, हा निराळा विषय. आज आपण गाण्याबद्दल बोलतोय.

आता आपल्याकडे या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली वर्षं दोघांना किती जड गेली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिलं. लोकांना ओळखीचं वाटेल एवढ्याच हिशेबानं त्यांनी अभंग उचलला असता, तर ते अभंग केव्हाच विरले असते. पण तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची स्वतःची भावना होती. ज्या पुलावरून आपण चालत आलो, तो आमिष म्हणून कसा वापरणार?

अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येतं. पोवाड्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. रॅपरही आपलं नाव घेतो. तिन्हीकडे अर्थ एकच : हे मी म्हणतोय, जबाबदार मी. प्रचारासाठी बसवलेल्या बऱ्याच गाण्यांत नेमकी हीच जागा रिकामी असते. दुःख गुलामांचं, ठेका ब्रॉन्क्सचा, मजकूर पत्रकातला. मग गाणाऱ्याचं स्वतःचं काय?

कुणी म्हणेल, ‘सर, साक्ष द्यायला ऐकणारा लागतोच की.’ कबूल. पण साक्ष वेगळी, जाहिरात वेगळी. साक्ष देणारा स्वतःला उघडं करतो. जाहिरात करणारा समोरच्याला हेरतो. ऑगस्टीननं ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात एक भीती बोलून दाखवली आहे : गायल्या गेलेल्या अर्थापेक्षा गाणंच मला जास्त हलवतं, तेव्हा माझं चुकतं. ही भीती त्यानं स्वतःबद्दल बाळगली. आपण मात्र तोच परिणाम दुसऱ्यावर मुद्दाम घडवायला बघतो! ऐकणाऱ्याची विचारशक्ती झोपवून मिळवलेला होकार हा श्रद्धेचा होकार नव्हे. तो ठेक्याचा होकार.

कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं, आणि शाहिरीची परंपरा तर इथल्या मातीतली. डफावर थाप पडली, की हा माणूस मनापासून बोलतोय का, हे इथला श्रोता लगेच ओळखतो. तेव्हा तरुणांना मी एवढंच सांगेन : रॅप जरूर करा. पण समोर एकही माणूस वळवायला नसेल, तरी ते गाणं तुम्ही गाल का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल गा. वडीलधाऱ्यांनीही मग कान द्यावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर दोष रॅपचा नाही आणि जुन्या गीताचाही नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.