उंचीच्या अंकजाळीचें लिप्यंतर : एक परीक्षण

अलीकडे किल्ल्यांवरील लेखांबरोबर उंचीचे नकाशे येऊं लागले आहेत, आणि अमुक गडावरून अमुक ठिकाण दिसत होतें किंवा नव्हतें, अशीं विधानें त्यांच्या आधारें केलीं जातात. नकाशाचें मूळ कोणतें व तें कोणाकोणाच्या हातून उतरत आलें, ही चौकशी मात्र कोणी करीत नाहीं. मोडी कागदाची नक्कल पुढें आली असतां आम्ही जी पहिली शंका घेतों, तीच येथेंही घ्यावयास हवी.

हें मूळ बहुधा फेब्रुवारी २००० मध्यें 'एंडेव्हर' या अंतराळयानानें ११ दिवसांत केलेली रडार-मोजणी हें असतें. तिचीं अंशाअंशाचीं पत्रें पाडलेलीं आहेत. प्रत्येक पत्रांत ३६०१ ओळी व दर ओळींत ३६०१ अंक; एकेक अंक म्हणजे सुमारें ३० मीटरांवरील एकेका बिंदूची उंची. एचजीटी नांवाच्या या मूळ प्रकारांत अंकांखेरीज कांहींच नाहीं. पत्र कोठलें, हें नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशांवरून ठेवलेल्या फाइलीच्या नांवावरूनच कळावयाचें. रुमालावरची चिठी बदलली कीं आंतलें दप्तर परगांवचें होतें, तसाच हा प्रकार. सातारा शहर ७४ अंशांच्या रेखावृत्तालगत असल्यानें सज्जनगड एका पत्रांत व संगम माहुली दुसऱ्यांत पडते. सांगली १७ अंशांच्या दक्षिणेस, म्हणून तिसऱ्यांत. पत्रें जोडल्यावांचून कृष्णाकांठाचा अभ्यास होत नाहीं, आणि जोडावयाचीं म्हणजे बहुधा प्रकारही बदलावयाचा.

या कामास १९९८ मध्यें फ्रँक वॉर्मरडॅम यांनीं आरंभिलेला 'जीडीएएल' हा विनामूल्य साधनसंच सर्वत्र वापरतात. कमांड लाइनवर एक ओळ लिहिली कीं काम होतें. त्यांतील 'ट्रान्सलेट' ही आज्ञा, अधिक सूचना न दिल्यास, अंक तेच ठेवून वेष्टन बदलते. हें शुद्ध लिप्यंतर. 'वार्प' ही आज्ञा जाळीच नवी आखते, व जुन्या अंकांतून जवळचा उचलून, किंवा सांगाल तर शेजारच्यांची सरासरी काढून, नवीन घरें भरते. हें भाषांतर झालें. दोहोंतील हा भेद न ओळखतां दोन्ही फळांस 'मूळ' म्हणणारे लेखक आम्हांस वारंवार भेटतात.

ट्रान्सलेटबद्दल आमचें मत एरवीं अनुकूल आहे. तिचा एक दोष मात्र गंभीर आहे. मोठा अंक लहान घरांत भरावयास सांगितला तरी ती निषेध करीत नाहीं. आठ बिटांच्या घरांत २५५ च्या वर अंक मावत नाहीं. सातारा व सांगली दोन्ही ५०० मीटरांच्या वर. परिणामीं दोन्ही शहरें २५५ वर येऊन बसतात. असा एक नकाशा आम्हीं पाहिला. त्यावरून कृष्णा कोणत्या दिशेस वाहते हेंही ठरेना!

त्रुटित स्थळांची गोष्ट याहून नाजूक. उभ्या कड्यांच्या आड रडार पोहोंचलें नाहीं तेथें मूळांत उणे ३२७६८ हा अंक घातलेला आहे. म्हणजे पोथींतील गळलेल्या अक्षरांची खूणच. ऋण अंक न मानणाऱ्या प्रकारांत नेतांच त्याचें शून्य होतें, आणि गडाच्या कड्याखालीं समुद्रसपाटी अवतरते. तिसऱ्या आवृत्तींत हीं छिद्रें मुख्यत्वें 'अॅस्टर' उपग्रह-मोजणीच्या आधारें भरलीं आहेत. तो प्रक्षेप उपयुक्त खरा, पण परहस्तीय. आणि सह्याद्रींत अशा जागा नेमक्या कड्यांशींच, म्हणजे आमचा वाद जेथें असतो तेथेंच.

एस्की ग्रिड या साध्या लिखित प्रकारांत कोपऱ्याचा निर्देश घराच्या कडेचा कीं मध्याचा, हें न पाहिल्यास सबंध मुलूख सुमारें १५ मीटर सरकतो. मैदानांत हें खपेल. तटाच्या कडेशीं मात्र तेवढ्यानेंच माणूस गडावरून दरींत जातो.

यास्तव आमची मागणी एवढीच कीं, नकाशाखालीं मूळ पत्राचें नांव व आवृत्ति, चालविलेल्या आज्ञा अक्षरशः, आणि 'जीडीएएल इन्फो' या आज्ञेनें मिळणारा फाइलीचा तपशील, रूपांतरापूर्वींचा व नंतरचा, छापावा. पाठभेदांस जेवढी जागा लागते त्याहून ही अधिक नाहीं. ज्या नकाशासोबत हा तपशील नसेल तो आम्ही तरी पुरावा म्हणून उद्धृत करणार नाहीं.