पेडलवरचा पाय

पेडल स्टील गिटारवर गेल्या सात-आठ वर्षांत ‘नवे’ म्हणून जे येत आहे, ते ऐकताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न उठतो : या वादकाचे पाय काय करत आहेत? टॉम्पकिन्स स्क्वेअर या रेकॉर्ड कंपनीने २०२२ मध्ये ‘क्रोम युनिव्हर्सल’ हे संकलन काढले. आधुनिक पेडल स्टीलचा आढावा, असा त्याचा दावा आहे आणि त्याची निवड स्टीलवादक ल्यूक श्नायडरची. त्यातली बरीचशी वादने सलग ऐकली की त्यांचा साचा लक्षात येतो. स्वराचा आघात व्हॉल्यूम पेडलने झाकायचा, स्वर हळूहळू फुगवायचा, रिव्हर्बमध्ये सोडून द्यायचा आणि लूपवर त्याचेच थर चढवत राहायचे. काही तुकडे कानाला गोड लागतात. पण मांडीवरच्या साध्या, बिनपेडलच्या स्टील गिटारवर वाजवता आले नसते असे त्यांत काय आहे? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. दहा तारा, तीन-चार पेडल, चार-पाच गुडघे-लिव्हर, खाली सळ्यांची आणि खटक्यांची सगळी यंत्रणा, आणि तिच्यातून बाहेर येते ते धुके. या धुक्याला नवे वादनतंत्र म्हणण्याची समीक्षकांना लागलेली सवय मला मान्य नाही.

पेडलचे काम काय, हे आपल्या सरगमेत सांगितले की लगेच उमगते. ई नाइन्थ या रूढ ट्यूनिंगमध्ये सा-ग-प हा स्वरसमूह छेडला आहे असे धरू. पहिली दोन पेडल दाबली की गंधार चढून मध्यमावर जातो, पंचम धैवतावर जातो आणि षड्ज जागच्या जागी वाजत राहतो. मघापर्यंत ज्याच्यावर सगळे उभे होते तो षड्ज आता मध्यमाचा पंचम होऊन बसतो. डाव्या हातातला, तारांवर टेकवलेला बार हललेला नसतो. दोन आवाज मींड घेत सरकतात, तिसरा स्थिर असतो आणि या हालचालीतून स्थिर स्वराचाच अर्थ बदलतो. बिनपेडलच्या गिटारवर बार सरकला की सगळ्या तारा बरोबरच सरकतात. बार तिरका धरून थोडेफार साधते, पण ते तेवढ्यापुरतेच. स्वरसमूहाच्या पोटातली एकच तार हलवणे, हे पेडल स्टीलचे स्वतःचे धन आहे.

हे धन यंत्राबरोबर आपोआप आले नाही, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पेडल स्टीलवादक बड आयझॅक्सच्या आधीही होती. बहुतेक वादक ती दोन स्वरवाक्यांच्या मधल्या फटीत ट्यूनिंग बदलण्यापुरती वापरत. आयझॅक्सने वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तार वाजत असतानाच पेडल दाबले. गाणे १९५४ मध्ये गाजले आणि बाकीचे स्टीलवादक आपापल्या गिटारींना पेडल बसवायला धावले. आयझॅक्सचे एकच पेडल दोन्ही स्वर एकदम ओढत असे. बडी एमन्सने ती दोन कामे दोन पेडलांवर वाटली. मग पाऊल किंचित कलते करून आधी गंधार, मागाहून पंचम असे सुटे हलवता येऊ लागले. वादनतंत्र म्हणतात ते याला. यंत्रातला फरक लहान होता. त्यामुळे वादकाच्या शरीराला जे नवे शिकावे लागले, ते मोठे होते.

मींडेवर वाढलेल्या आपल्या कानांना हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. हवाईहून आलेल्या बिनपेडलच्या गिटारीवर ब्रिजभूषण काब्रा यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी स्वरसमूह बाजूला ठेवला आणि एका तारेवरची मींड गायकीच्या जवळ नेली. त्यांची गिटार असलेला १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आपल्याकडे घरोघरी वाजला आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी आणि तरफा जोडून मोहनवीणा घडवली आणि राय कूडरबरोबरचे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ १९९३ मध्ये आले. आपल्या वादकांनी मींडेसाठी हार्मनी सोडली. पेडल स्टीलवाल्यांनी मींड हार्मनीच्या आत नेली. दोन्ही वाटा सारख्याच अवघड आणि सारख्याच खऱ्या आहेत. मात्र आजचे धुकेवाले या दोन्हींपैकी कुठल्याच वाटेवर नाहीत. त्यांच्याकडे ना एकेरी मींडेची नजाकत, ना आतल्या आवाजांची हालचाल.

धुकेवाल्यांखेरीज वेगाच्या मागे लागलेले वादकही आहेत; त्यांच्याबद्दल मला फारसे म्हणायचे नाही. त्यांची बोटे तयार आहेत आणि सांगायला काही नाही. नॅशव्हिलच्या जुन्या सुरावटी जशाच्या तशा जपणारे मेहनती आहेत, पण जपणूक म्हणजे शोध नव्हे. पीट ड्रेकने १९६४ मध्ये उपकरणाच्या मदतीने ‘बोलता’ केलेला स्टील किंवा फ्लाइंग ब्युरिटो ब्रदर्समध्ये स्नीकी पीट क्लायनोने लावलेला फझ, यांना मी कधीच नावे ठेवणार नाही. त्या उपकरणांच्या मागे त्यांचे पाय जागे होते.

आता सुझन ॲल्कॉर्न या स्टीलवादिकेकडे वळतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी ती गेली. पेडल स्टीलवर नवे तंत्र शोधणे म्हणजे काय, याचे आपल्या काळातले सर्वांत पूर्ण उत्तर तिच्या वादनात आहे. टेक्ससमधल्या कंट्री बँडांमध्ये तिने वर्षानुवर्षे वाजवले. ज्या पायांनी ती नाचणाऱ्यांसाठी गाणी वाजवत होती, तेच पाय पुढे मेसियाँ आणि पियाझोला या संगीतकारांपर्यंत गेले. तिचा २००७ चा एकल अल्बम पेडल स्टीलच्या पुनरुत्थानाची वाट पाहत असल्याचे शीर्षकातच सांगतो. मेसियाँच्या एका रचनेच्या नावावरून तिने ते घेतले होते. हे वाद्य मेले आहे असे तिला वाटत नव्हते. त्यात अजून कितीतरी दडलेले आहे, अशी तिची खात्री होती आणि ते बाहेर काढण्याचे काम तिने अंगावर घेतले.

‘सोलेदाद’ हा २०१५ चा अल्बम काढा आणि त्यातले ‘आदिओस नोनिनो’ ऐका. पियाझोलाचे संगीत बँडोनिऑनच्या भात्यातून येते. त्यात टोचणारे आघात आहेत, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारे आतले आवाज आहेत, क्षणात दाटणारा आणि क्षणात तुटणारा श्वास आहे. स्टील गिटारला भाता नाही. ॲल्कॉर्न व्हॉल्यूम पेडल स्वर फुगवण्यासाठी वापरते तसेच तो छाटण्यासाठीही वापरते. वरचा स्वर धरून ठेवते आणि खालचे दोन आवाज वेगवेगळ्या वेगाने उतरवते. एक गुडघ्याने, एक पावलाने. मध्येच सगळे थांबवते आणि ती शांतता रिव्हर्बने भरून टाकत नाही. त्या शांततेत वाद्याची यंत्रणा, बारचे वजन आणि वादकाचा निर्णय, तिन्ही ऐकू येतात. तंत्र भावाच्या सेवेला कसे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला या वाद्यावर दुसरे माहीत नाही.

बारच्या मागच्या बाजूला तारा छेडणे, गुंडाळलेल्या जाड तारांवर बार घासणे, स्वर दोन पडद्यांच्या मध्ये टांगून ठेवणे, हे सगळे तिच्याकडे आहे. प्रयोगशील वादक म्हणवणाऱ्या कुणाकडेही ते सापडेल. फरक असा की तिच्या हाती तो खरखरीत आवाज एखाद्या स्वरसमूहाकडे जात असतो किंवा एखाद्या स्वरसमूहातून निघालेला असतो. त्याला मागचे-पुढचे नाते असते. ‘पेडरनाल’ या २०२० च्या अल्बममध्ये मेरी हॅल्व्हर्सनची गिटार, मार्क फेल्डमनचे व्हायोलिन, मायकेल फॉर्मानेकचा बास आणि रायन सॉयरचे ड्रम यांच्यात तिचा स्टील कधी व्हायोलिनच्या शेजारी जाऊन बसतो, कधी गिटारला उलटे उत्तर देतो. तो पार्श्वभूमी कधीच होत नाही. २०२३ च्या ‘कान्तो’मध्ये चिलीच्या वादकांबरोबर हेच घडते. धुकेवाल्या वादनाला असा संवाद झेपत नाही, कारण त्यात समोरच्याला थांबून उत्तर देण्यासारखे वाक्यच नसते.

तिच्या बाजूला मी आणखी काहींना बसवीन. हेदर लीने पीटर ब्रॉट्झमनच्या सॅक्सोफोनसमोर स्टील उभा केला. ‘इअर्स आर फिल्ड विथ वंडर’मध्ये त्या घणाघातापुढे तिचे वाद्य झाकोळत नाही. हाऊस ऑफ गॉड चर्चमधल्या कृष्णवर्णीय स्टीलवादकांची परंपरा तर १९३० च्या दशकापासूनची आहे. आर्हुली या रेकॉर्ड कंपनीने १९९७ मध्ये ‘सेक्रेड स्टील’ हा अल्बम काढला तेव्हा कुठे बाहेरच्या जगाने ती ऐकली. चक कॅम्बेल घ्या, रॉबर्ट रँडॉल्फ घ्या. प्रार्थना म्हणणाऱ्याचा हुंदका, आरोळी, शब्दाच्या शेवटी पडणारा आवाज, हे ते तारेवर आणतात आणि समोरची मंडळी उभी राहतात. किंग सनी अडेच्या जुजू संगीतात डेमोला अडेपोजूने हेच वाद्य नायजेरियाच्या ढोलांमध्ये नेले. नव्या तंत्राच्या आढाव्यांत या वादकांना शेवटच्या परिच्छेदात ढकलले जाते, कारण ते धुक्यात बसत नाहीत. हा अन्याय आहे आणि तो आता थांबला पाहिजे.

धुक्याचे मूळ सांगताना १९८३ च्या ‘अपोलो’कडे बोट दाखवले जाते. ब्रायन ईनोच्या त्या अल्बममध्ये डॅनियल लान्वाचा पेडल स्टील आहे आणि तो अप्रतिम आहे. चंद्रावर गेलेल्या माणसांच्या चित्रपटासाठी ते संगीत होते. त्या पोकळीत कंट्री गाण्याची ओळखीची वळणे ऐकू आली, म्हणून ते काळजाला भिडले. तिथला स्टील घराची आठवण घेऊन आला होता. मागून आलेल्यांनी आठवण टाकून दिली आणि पोकळी तेवढी ठेवली.

यावर उत्तर ठरलेले असते : स्वर संथपणे फुगवणे हीसुद्धा कला आहे, त्याला व्हॉल्यूम पेडलवरच्या उजव्या पायाचा संयम लागतो. लागतोच. कुठल्याही चांगल्या स्टीलवादकाने तो पहिल्या काही वर्षांत मिळवलेला असतो. जे शिक्षणाचा आरंभ आहे, त्याला शोधाचा शेवट कसे म्हणायचे? दुसरे उत्तर असते की श्रोत्याला शांतता हवी आहे. श्रोत्याला काय हवे ते श्रोता ठरवील. समीक्षकाने मात्र झोप आणणाऱ्या संगीताला वाद्याचे भविष्य म्हणू नये. श्नायडरचा २०२० चा ‘ऑल्टर ऑफ हार्मनी’ सगळाच्या सगळा एका पेडल स्टीलमधून काढला आहे, याचे केवढे कौतुक झाले. आवाज कुठून काढला हा तपशील आहे. त्या वाद्याने काय म्हटले, हा संगीताचा प्रश्न आहे आणि त्या कौतुकात तो कुणी विचारला नाही.

शोधण्यासारखे किती पडले आहे ते पाहा. ई नाइन्थ लावताना कितीतरी वादक गंधार पियानोच्या गंधारापेक्षा खाली, शुद्ध तिसऱ्या स्वराजवळ उतरवतात. हा उतार सुमारे १४ सेंटचा. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार आपण ज्या कानाने ओळखतो, तोच कान इथे काम करतो. आता पंचम धैवतावर चढवणारे पेडल अर्ध्यावर थांबवले, तर पाय कोमल धैवताच्या आसपास कुठेतरी रेंगाळू शकतो, आणि वाजणाऱ्या षड्जाच्या सोबतीने त्या जागेचे बारीक-बारीक फरक पावलाच्या दाबावर येतात. हा प्रदेश बराचसा रिकामा पडला आहे. पेडलला दोनच जागा, वर आणि खाली, असे मानून बहुतेकदा शिकवले जाते आणि मध्ये थांबण्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हे अर्धे पेडल पद्धतशीर बांधणारी शाळा का नाही? दोन गुडघ्यांनी दोन वेगळ्या लयी का चालवल्या जात नाहीत? हाताच्या तळव्याने स्वर बंद करण्याची विद्या सर्वांना येते, मग बंद स्वरांचे ताल का रचले जात नाहीत? ॲल्कॉर्नने या दारांपैकी काही उघडून दाखवली. तिच्यामागून आत जायला माणसे हवीत, आणि ती सगळी तर लूपचे बटण दाबून बसली आहेत.

समीक्षकांनी आपला शब्द आता जपून वापरावा. ज्या वादनात पायांना, गुडघ्यांना आणि आतल्या आवाजांना काम नाही, त्याला ‘पेडल स्टीलचे नवे तंत्र’ म्हणू नये. त्याला सरळ वातावरण-संगीत म्हणावे आणि तिथेच त्याचा हिशेब करावा. तरुण वादकांना माझी विनंती आहे : एक वर्ष रिव्हर्ब आणि लूप बंद ठेवा, ‘सोलेदाद’ आणि चक कॅम्बेल शेजारी शेजारी ऐका, आणि एकाच स्वरसमूहातून एकेक तार सुटी हलवत बसा. त्यातून काही निघाले नाही, तर मी माझे म्हणणे मागे घेईन. पण निघेल, कारण या वाद्याच्या सत्तर वर्षांत जे टिकले ते सगळे तिथूनच निघाले आहे.